काकूंचं बोट

किलोकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं क्लबात कुणी उरलं नव्हतं, आणि कुणी मारलीच असती तर त्यांनी मागे वळून बघितलं असतं, की बुवा बोलावतायत कुणाला. नेमबाजी क्लबाच्या मागच्या बाजूला त्यांचं वर्कशॉप होतं. अडलेलं पिस्तूल सोडवायचं, झिजलेला भाग बदलायचा, खेळाडूच्या हाताजोगी मूठ तासून द्यायची, हे त्यांचं रोजचं काम. आणि स्पर्धा असली की सकाळी टेबल मांडून बसायचं आणि येईल त्याच्या पिस्तुलाच्या चापाला किलोचं वजन लावायचं. त्या वजनावरूनच हे नाव पडलं आणि चिकटलं.

नियम तसा साधा. पिस्तूल रिकामं, गोळीवर आपटणारा घोडा मागे चढवलेला, नळी वर. चापाला हूक अडकवायचा, हुकाला पितळेचं किलोचं वजन. पिस्तूल सावकाश वर घ्यायचं. वजन टेबलावरून उचललं गेलं तर पास. उचलायच्या आधीच घोडा खटकन पडला तर चाप फार हलका, म्हणजे नापास, चला घरी. हलका चाप काय करतो, ते काकांना विचारा. मनात यायच्या आत गोळी सुटते, आणि सुटलेल्या गोळीला 'जरा थांब गं बाई' म्हणता येत नाही. त्यामुळे या बाबतीत काका सख्ख्या नातेवाइकालाही सोडत नसत. नव्हे, सोडलं नव्हतंच. काकूंच्या धाकट्या भावाचं पिस्तूल त्यांनी भर स्पर्धेत नापास केलं होतं.

"भावजी, केसभर कमी आहे हो!" मेहुणा काकुळतीला आला होता.

"केसभर कमी म्हणजे कमीच. पुढे कोण?"

मेहुण्याने वर्षभर अबोला धरला. काकू म्हणाल्या, "बरं झालं. वर्षभर फोनची कटकट नाही." बहिणीची माया म्हणतात ती हीच असावी.

आता काकूंचं सांगायला हवं. काकू शिवणकाम करायच्या, अजूनही करतात, आणि पिस्तुलाशी त्यांचा संबंध आला तो डब्यामुळे. काका सकाळी डबा विसरून जायचे, काकू दुपारी तो घेऊन यायच्या. अशाच एका दुपारी काकांनी एका पिस्तुलाचा चाप नुकताच नीट करून ठेवला होता आणि स्वतःच्याच कामावर खूश होऊन बसले होते. काकूंनी ते रिकामं पिस्तूल सहज हातात घेतलं, काकांनी दाखवलं तसं भिंतीकडे धरलं आणि चाप दाबला.

"कुरकुरतंय," काकू म्हणाल्या.

"काय कुरकुरतंय? काहीतरीच!"

"मधेच. साखरेचा कण दाताखाली यावा तसं."

काकांनी नाक मुरडत पिस्तूल उघडलं. घोडा ज्या चिमुकल्या दातावर अडकून राहतो आणि चाप दाबला की ज्यावरून सुटतो, तो दात त्यांनी भिंगाखाली धरला. कडेला एक ओरखडा होता. एवढासा. काकांच्या बोटाला तो लागला नव्हता. वर्षानुवर्षं कापडाचा पोत चाचपून बघणाऱ्या बोटाला लागला होता.

त्या दिवसापासून रिवाजच पडला. काकांच्या हातून निघालेलं कुठलंही पिस्तूल मालकाकडे जायच्या आधी काकूंच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाखालून जायचं. काका म्हणायचे, "बघ गं." काकू डोळे मिटून चाप दाबायच्या आणि काहीतरी खोट काढायच्याच. कुरकुरतंय. शेवटी अडतंय. आधीच सुटतंय. फार ताठ आहे, तुमच्या आत्याबाईंसारखं. "छान आहे" असं त्यांनी कधी, एकदाही म्हटलं नव्हतं. खोट काढणं थांबवून त्या "हं" म्हणाल्या की काकांनी समजायचं, झालं. पुढे काकू स्वतः नेमबाजीही शिकल्या आणि नवऱ्याला मागे टाकून गेल्या, पण त्याबद्दल काका फारसं बोलत नाहीत, आपणही नको.

तर हे बोट दुखायला लागलं.

आधी सुई धरताना. मग कुलूप उघडताना. मग नुसतं बसल्या जागीसुद्धा. शेवटचा सांधा सुजून सुपारीएवढा झाला. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडात धरला आणि म्हणाले, आतली गादी संपली, हाडावर हाड घासतंय. आता तो सांधा कायमचा जोडून टाकायचा. दुखणं जाईल, पण बोटाचं टोक पुन्हा वाकणार नाही.

"म्हणजे चाप?" काकूंनी विचारलं.

डॉक्टरांना आधी कळेना, की चाप कसला. कळल्यावर म्हणाले, "या हाताने नाही जमायचं."

काकू घरी आल्या. चप्पल काढता काढता म्हणाल्या, "ऑपरेशन स्पर्धेनंतर. एकदा शेवटचं खेळून घेते. सगळ्या गोळ्या झाडायच्या, मधेच सोडून यायचं नाही. नंबर गेला उडत." आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी इतक्या जोरात भांडी घासायला काढली, की काकांनी दुखऱ्या बोटाची आठवण करून द्यायचं धाडस केलं नाही.

काकांच्या मनाने मात्र तेव्हाच घेतलं. बायको शेवटचं खेळणार, तर तिच्या बोटाला कमीत कमी त्रास झाला पाहिजे. मी इतकी वर्षं दुनियेचे चाप नीट करतोय ते कशासाठी?

काकूंचं पिस्तूल जुनं होतं. एक गोळी सुटली की पुढची आपली आपण नळीत येऊन बसणारं, साधं, विश्वासू. काकांनी ते टेबलावर सुटं केलं. लोकांना वाटतं चापाचं सगळं वजनात असतं. तसं नाही. दार जड असलं तरी बिजागरी गुळगुळीत असेल तर ते एका हाताने उघडतं. आणि हलकं दार कुरकुरत असेल तर खांद्याने ढकलावं लागतं. माणसाला थकवतं ते घासणं. म्हणून काकांनी दात घेतला, घासायला तेलाचा दगड घेतला, डोळ्याला भिंग लावलं, आणि दोन हात मारायचे की पुसायचं, बघायचं, पुन्हा दोन हात, असं करत राहिले. धातू काढता येतो, परत लावता येत नाही, हे टेबलासमोरच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलेलं होतं. काकूंनीच ठेवलं होतं लिहून, काकांच्या घाईला कंटाळून.

जोडणी करून त्यांनी वजन लावलं. किलोचं वजन टेबलावरून उचललं गेलं आणि लोंबकळत राहिलं. घोडा जागचा हलला नाही. चाप नियमात होता आणि दाबताना लोण्यासारखा होता.

"बघ गं."

काकूंनी डोळे मिटून दाबला. चेहऱ्यावरून काहीतरी गेलं, दुखल्यासारखं, पण बोलल्या वेगळंच. "शेवटी किंचित अडतंय. पण आधीपेक्षा शंभर पटीने बरं." काकांनी ते शेवटचं अडणंही काढलं. मग काकू "हं" म्हणाल्या.

इथे थांबायचं की नाही? कुणीही शहाणा माणूस थांबला असता.

पण पुढच्याच आठवड्यात काका रेंजच्या मागच्या बाकावर बसून काकूंचा सराव बघत होते. सुरुवात झकास झाली. मग हळूहळू काकू प्रत्येक गोळीनंतर हात खाली घ्यायला लागल्या. मग डाव्या हाताने उजवं बोट धरून सरळ करायला लागल्या, गंजलेली कडी उघडावी तसं. सराव अर्ध्यावर टाकून त्या हात धुवायला म्हणून गेल्या, आणि नळ फार वेळ चालू राहिला. काका दाराशी जाऊन उभे राहिले. पाण्याच्या आवाजाआडून दुसरा आवाज येत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, काकूंना रडताना काकांनी फक्त कांदा चिरताना बघितलं होतं. त्यांच्या काळजाचं पाणी झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्कशॉपचं दार आतून लावून घेतलं. पिस्तूल उघडलं, चापामागची स्प्रिंग काढून चपट्या पत्र्याच्या डबीत ठेवली आणि तिच्या जागी दुसरी, नरम स्प्रिंग बसवली. जोडलं. एकदा दाबून बघितलं. चाप असा गेला की जणू गेलाच नाही. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, किलोकाकांनी वजन लावलं नाही. वजन समोर शेल्फवर होतं. त्यांनी त्याच्यावर हात पुसायचं फडकं टाकलं.

दुपारी काकू डबा घेऊन आल्या.

"बघ गं," काका म्हणाले. आवाज जरा चढाच लागला.

काकूंनी डोळे मिटले. चाप दाबला. डोळे उघडले, काकांकडे बघितलं, मग शेल्फवरच्या फडक्याकडे बघितलं, मग पुन्हा काकांकडे.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

काका इतके हरखले की दोन घास जास्त जेवले. छान आहे म्हणाली! बायकोच्या तोंडून हे दोन शब्द ऐकायला उभा जन्म गेला होता. अहो, तिथेच पाल चुकचुकायला हवी होती माणसाच्या मनात. पण नाही. आनंदाने माणूस बहिरा होतो तो असा.

बहिरेपणा रात्रीपर्यंत टिकला. अंथरुणावर पडल्यावर मात्र काकांना ते वजन दिसायला लागलं, फडक्याखाली बसलेलं. स्पर्धेत चाप तपासणार कोण? आपणच. मग काय बिघडलं? हूक चापाच्या टोकाला न लावता जरा वर, मुळाशी लावला, की हलका चापही वजन उचलून दाखवतो. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. ही लबाडी काकांना ठाऊक होती, कारण ती करणाऱ्यांना त्यांनी आजवर टेबलावरून हुसकून लावलं होतं. आणि हलका चाप! दुखरं बोट एखाद्या वेळी बधिर झालं, चापावर नुसतं टेकलं आणि गोळी सुटली तर? ते उठून बसले. शेजारी काकू शांत झोपल्या होत्या, दुखरा हात उशीवर ठेवून.

सकाळी सांगतो, असं त्यांनी ठरवलं. सकाळी काकू गुणगुणत चहा करत होत्या, आणि काकांचं धाडस चहाबरोबर पोटात गेलं. उद्या सांगतो. मग परवा. भित्र्याचं पंचांग असतं, त्यात आजचा दिवस कधी येतच नाही. असं करता करता स्पर्धेची सकाळ उजाडली.

टेबलासमोर रांग लागली. काका एकेक पिस्तूल घेत होते, वजन लावत होते, "पास, पुढे" म्हणत होते. हात सरावाने चालत होता आणि लक्ष रांगेत काकू कुठवर आल्या तिकडे होतं. कुणीतरी विचारलंसुद्धा, "काका, आज चेहरा का असा? कुणी नापास होत नाहीये म्हणून का?" रांग हसली. मागे मेहुणाही उभा होता, पिस्तुलाची पेटी काखेत मारून.

आणि काकू समोर आल्या.

त्यांनी पिस्तूल रिकामं असल्याचं रीतसर दाखवलं आणि टेबलावर ठेवलं. काकांनी उचललं. हूक हातात घेतला. वर लावायचा की खाली? वर लावला तर बायको खेळणार, आणि आपण उद्यापासून या टेबलामागे कुठल्या तोंडाने बसणार? खाली लावला तर घोडा पडणार, भरल्या रांगेसमोर, आणि तिचं शेवटचं खेळणं इथेच, या टेबलावर संपणार. तेही माझ्यामुळे. तिचं काही चुकलेलं नसताना.

काका हूक तसाच धरून पुढे वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "अगं, हे नको तपासायला. हे नियमात नाही. मी... मीच केलंय ते. तुला दुखत होतं म्हणून. माझी अक्कल शेण खायला गेली होती. मी सगळ्यांना सांगतो, माझी चूक आहे, तुला दुसरं पिस्तूल..."

"अहो," काकू म्हणाल्या, "लोक खोळंबलेत. वजन लावा."

"अगं, ऐक तरी..."

"लावा म्हणते ना. टोकाला लावा, नीट."

काकांनी हूक टोकाला लावला.  पिस्तूल हळूहळू वर घेतलं आणि खटका ऐकू यायची वाट बघत डोळे मिटून घेतले.

खटका आला नाही. डोळे उघडले तर किलोचं वजन टेबलापासून वीतभर वर, संथ गिरक्या घेत होतं. काकांनी ते खाली टेकवलं. पुन्हा उचललं. पुन्हा वजन वर. मागून मेहुणा ओरडला, "भावजी, बायकोचं म्हणून किती वेळा तपासाल? बहीण आहे माझी, चोर नाही!"

"पास," काका म्हणाले. हूक सोडवला आणि पुन्हा म्हणाले, "पास. पुढे."

तपासणी संपताच ते जवळजवळ धावत वर्कशॉपमध्ये गेले आणि पत्र्याची चपटी डबी उघडली. जुनी स्प्रिंग डबीत नव्हती. तिच्या जागी ती नरम स्प्रिंग पडली होती, कापडाच्या चिंधीत नीट गुंडाळलेली. चिंधी काकूंच्या शिवणाच्या टोपलीतली होती.

आता सगळा उलगडा झाला. काकूंना पहिल्याच दाबाला कळलं होतं. त्यांनी फडकंही बघितलं होतं. आणि स्प्रिंग बदलायला त्यांना कुणाची मदत लागणार होती? काकांच्या शेजारी बसून त्यांनी ते काम इतक्या वेळा बघितलं होतं, की डोळे मिटून केलं असतं. दुखऱ्या बोटाने, काका जेवायला हात धुवायला गेले असताना, कधीतरी.

काका रेंजवर जाऊन बाकावर बसले. काकू उभ्या होत्या. हात वर, श्वास, गोळी. हात खाली. बोट सरळ करायचं. हात वर.  दात घासून गुळगुळीत केला होता, तेवढंच त्यांचं काम चापात उरलं होतं. बाकी किलोचा भार काकू स्वतः ओढत होत्या. शेवटच्या फेरीत त्या इतका वेळ थांबल्या, की पंचांनी घड्याळाकडे बघितलं. काका मनातल्या मनात म्हणत होते, सोड गं, सोडून दे, पुरे झालं. काकूंनी सोडलं नाही. हात वर गेला. शेवटची गोळी सुटली.

नंबर? यादी खालून वाचायला घेतली तर काकू लवकर सापडल्या. मेहुणा बऱ्यापैकी वर होता आणि तसं तीनदा सांगून गेला.

माणसं पांगल्यावर काकू बाकावर काकांच्या शेजारी येऊन बसल्या. बोट लालबुंद झालं होतं. काकांनी ते दोन्ही हातांत घेतलं. 

"तुला कळलं होतं, तर मला सांगितलं का नाहीस?" काका म्हणाले.

"सांगितलं की. छान आहे म्हटलं. मी असं कधी म्हणते का?"

काकांनी कपाळावर हात मारून घेतला.

"आणि समजा मी वर लावला असता हूक?"

"नसता लावलात."

"पण लावला असता तर? मनात आलं होतं माझ्या."

"आलं असेल," काकू म्हणाल्या. "म्हणून तर स्प्रिंग बदलून ठेवली. तुम्ही वर लावा, खाली लावा, ते खरं निघायला हवं होतं." मग जरा थांबून, दुसरीकडे बघत म्हणाल्या, "जन्मात एकदा खोटं करायला निघालात, तेही माझ्यासाठी. मला नाही बाई कुणी मेडल दिलं असं." काकांच्या डोळ्यांना धार लागली, आणि त्यांनी ती पुसली नाही, कारण दोन्ही हातांत बोट होतं.

ऑपरेशन झालं. बोट बरं झालं, दुखणं थांबलं, आणि टोक कायमचं सरळ राहिलं. "आता हे सारखं तुमच्याकडेच रोखलेलं राहणार," काकू म्हणायच्या, "चूक केलीत की दिसेल." काका हसायचे. पण सकाळी डबा न विसरता घेऊन जायला लागले होते. पिस्तुलं तयार व्हायची, वजन उचलायची आणि कुणालाही न दाखवता मालकाकडे जायची. 'बघ गं' हे शब्द ते गिळून टाकत होते. जे बोट आता चाप दाबू शकत नाही, त्याच्यापुढे पिस्तूल ठेवायचं म्हणजे जखमेवर मीठ. त्यापेक्षा नकोच.

एका दुपारी वर्कशॉपचं दार उघडलं. दारात काकू.

"डबा आणलाय मी आज," काका घाईने म्हणाले. "हा बघ."

"माहितेय. महिनाभर बघतेय, डबा बरोबर आठवतो तुम्हाला." काकूंनी स्टूल ओढलं आणि बसल्या. टेबलावर एक पिस्तूल तयार होतं, पुसून, तेल लावून ठेवलेलं. "कुणाचं?"

"आहे एका मुलीचं. नवीन आहे. उद्या न्यायला येणार आहे."

काकूंनी हात पुढे केला. डावा. काकांनी पिस्तूल रिकामं असल्याचं दाखवलं आणि त्या हातात ठेवलं. काकूंनी ते अवघडल्यासारखं धरलं, भिंतीकडे वळवलं, डाव्या हाताचं पहिलं बोट चापावर सरकवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. "हे बोट अजून अडाणी आहे," त्या पुटपुटल्या. "शिकेल." डोळे मिटले. चाप दाबला.

काका बघत उभे होते. छान आहे म्हणू नकोस, त्यांच्या मनात आलं. काहीही म्हण, तेवढं म्हणू नकोस.

"कुरकुरतंय," काकू म्हणाल्या.

काकांनी पिस्तूल घेतलं, उघडलं, दात भिंगाखाली धरला. आधी काही दिसेना, कारण भिंगाच्या मागचा डोळाच भरून आला होता. त्यांनी डोळा सदऱ्याच्या बाहीने पुसला आणि पुन्हा बघितलं. कडेला एक ओरखडा होता. एवढासा.

"आहे ना?" काकूंनी विचारलं.

"आहे," काका म्हणाले.

"मग करा नीट. मी बसलेय."

काकांनी तेलाचा दगड पुढे ओढला. काकूंनी डबा उघडून दोघांचं वाढायला घेतलं.